गडाखालच्या गावांना इतिहास नाही काय?

आमच्या भोर-वेल्ह्याकडे यात्रेच्या वेळी गावाची स्मरणिका काढायची टूम निघाली, त्याला बरीच वर्षं झाली. माझ्याकडे अशा अकरा स्मरणिका साठल्या आहेत. पहिल्या पानांवर पुढाऱ्यांचे फोटो, मग जाहिराती, मग आरत्या आणि मध्येच कुठेतरी 'आमच्या गावाचा इतिहास' नावाचा दीडपानी मजकूर. गावं अकरा, इतिहास मात्र एकच! 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं निसर्गरम्य गाव', 'शिवछत्रपतींच्या पदस्पर्शानं पावन झालेली भूमी', 'पांडवकालीन हेमाडपंती शिवमंदिर', आणि शेवटी 'तरी भाविकांनी लाभ घ्यावा'. गावाचं नाव तेवढं बदललं की तोच मजकूर पुढच्या गावाला चालतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी एकमेकांचं बघून असा निबंध लिहिला असता तर मी अकराही वह्या परत केल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, बाई निवृत्त झाल्या तरी लाल शाई सुटत नाही. नाहीच सुटत! पण आज मला शुद्धलेखनाबद्दल नाही भांडायचं. मला भांडायचंय ते एका समजुतीशी. ती समजूत अशी की आमच्या भागाचा इतिहास म्हणजे गडांचा इतिहास, आणि तो १६८० साली संपला. गावांनी फक्त पायथ्याशी उभं राहून वर बघायचं आणि गाड्या लावायला जागा द्यायची.

आधी त्या 'पांडवकालीन हेमाडपंती'चं बघू. हेमाद्री पंडित, म्हणजे हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. तेराव्या शतकातला. मग पांडवांनी त्याला मागच्या काळात बोलावून नेलं होतं की काय? काळा दगड दिसला की हेमाडपंती आणि कोणी बांधलं ते माहीत नसलं की पांडव, इतका सोपा हा हिशेब आहे. देऊळ नक्की कुठल्या शतकातलं, त्याची दुरुस्ती कोणी केली, पूजेचा मान कोणाकडे होता, दिवाबत्तीला जमीन कोणी लावून दिली, हे प्रश्न मग पडतच नाहीत. पांडवांनी बांधलं म्हटलं की चौकशी बंद.

भाटघरचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. त्याची बातमी येते, फोटो येतात, मोबाइलवर फिरतात. देऊळ पाण्याबाहेर आलं म्हणून आपण सगळे हरखतो. पण देऊळ काही एकटं नदीत उभं नव्हतं ना! त्याच्याभोवती खाचरं होती, पाणवठे होते, वाटा होत्या, माणसं राहात होती. भाटघरला पहिलं धरण झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मग त्याच्यापेक्षा मोठं लॉइड धरण बांधून झालं १९२८ साली. पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात साठलं आणि नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे गेलं. तिकडे ऊस झाला, साखर कारखाने झाले. त्या साखरेचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्या खाचरांवर ते पाणी साठलं त्यांच्या वाट्याला काय आलं? उन्हाळ्यातला एक फोटो.

शेजारच्या मुळशीला निदान सेनापती बापट मिळाले. १९२१ साली सत्याग्रह झाला म्हणून ती बुडीत गावं पाठ्यपुस्तकात आली. आमची मुकाट्यानं बुडाली, म्हणून मुकाट्यानंच विसरली गेली.

पानशेतचं तसंच. १२ जुलै १९६१ म्हटलं की पुण्यातला जुना माणूस अजून सांगतो, पाणी कुठवर आलं होतं, कोणाचं दुकान गेलं, लकडी पुलाचं काय झालं. सांगावंच, तो मोठाच प्रलय होता. पण पानशेतचं धरण हे पुण्याच्या पुराआधी आंबी खोऱ्यातल्या माणसांचं घर होतं, ही गोष्ट त्या कथेत बसतच नाही. धरण फुटलं तो इतिहास, आणि धरणासाठी माणसं उठली ती नुसती फाइल!

मोसे खोऱ्याची गोष्ट तर मनाला फारच लागते. बाजी पासलकर हे मोसे खोऱ्याचे देशमुख, महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांतले. वरसगाव धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे, वीर बाजी पासलकर जलाशय. आणि त्या जलाशयाच्या तळाशी काय आहे? बाजींचं मोसे गाव! नाव वर पाटीवर आणि गाव खाली गाळात. आपल्या इतिहासप्रेमाचं याहून नेमकं चित्र मला दुसरं सुचत नाही.

आता नावाचंच निघालं म्हणून सांगते. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. फटाके वाजले, पेढे वाटले. माझं त्या नावाशी काही वाकडं नाही. राजगड पंचवीसएक वर्षं स्वराज्याची राजधानी होता, २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतही तो आहे. नाव शोभतंच. पण पेढे खाताना कोणाला आठवलं का, की हे नाव नवं नाहीच? भोर संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. म्हणजे 'राजगड तालुका' हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदावर होताच. ही साधी गोष्ट समारंभात कोणी सांगितली असती तर नाव बदलण्याला काही इतिहासाचा आधार मिळाला असता. पण त्यासाठी १६८० च्या अलीकडे यावं लागतं, आणि तिथे तर आपण यायलाच तयार नसतो.

अलीकडे या की! शंकराजी नारायण या माणसाची गोष्ट वाचा. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात याच मुलखातले किल्ले मोगलांकडून परत घेण्यासाठी झटलेला माणूस. त्याला सचिवपद मिळालं आणि भोरचं पंतसचिवांचं घराणं उभं राहिलं. १७०७ मध्ये शाहू महाराज दक्षिणेत परत आले तेव्हा एकीकडे ताराबाईंची शपथ आणि दुसरीकडे संभाजी महाराजांचा मुलगा, अशा पेचात तो सापडला आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला. त्याची समाधी आंबवड्याला आहे. आंबवड्याला लोक झुलता पूल बघायला जातात, पुलावर हलून फोटो काढतात आणि परत येतात. समाधीशी फार तर चप्पल काढून दोन मिनिटं उभे राहतात. एका माणसाला निष्ठेच्या प्रश्नानं कसं चिरडलं, हे आठवीच्या मुलांना सांगितलं तर वर्ग चिडीचूप होतो. मी सांगून पाहिलंय.

नसरापूरच्या बनेश्वराला जाता ना? तिथे जी मोठी घंटा आहे तिच्याकडे नीट बघा. ती चर्चमधली आहे, तिच्यावर क्रूस आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेची ती आठवण. भोर तालुक्यातल्या महादेवाच्या दारात पोर्तुगीजांची घंटा! एवढ्या एका घंटेवर मुलांना वसई, पोर्तुगाल, समुद्र आणि पेशवाई असं सगळं शिकवता येतं. पण नाही, आम्हाला पांडव हवेत.

'पण बाई, कागदच कुठे आहेत आपल्याकडे? इंग्रजांचं वेगळं.' हे मी पुष्कळदा ऐकलंय. इंग्रजांचं खरंच बघण्यासारखं आहे. १५३८ साली तिथल्या सरकारनं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. त्या वह्यांवरून आजही साध्या शेतमजुराच्या घराण्याचा माग काढता येतो. १८९९ पासून त्यांनी एकेका परगण्याचा, त्यातल्या एकेका पॅरिशचा इतिहास लिहायचं काम काढलंय, ते सव्वाशे वर्षं झाली तरी संपलेलं नाही आणि त्यांनी ते सोडलेलंही नाही. खेड्यातले निवृत्त मास्तर, पाद्री, बायका अशी साधी माणसं त्यात आपली भर घालतात. त्यांच्याकडे एक गमतीची चाल होती. ठरावीक दिवशी सगळं गाव पोरांना घेऊन हद्दीवरून चालत जायचं, काठ्यांनी हद्दीचे दगड बडवायचं, म्हणजे शिव पुढच्या पिढीच्या लक्षात राहील.

हे वाचलं तेव्हा मला आपली शिव आठवली. आपल्याकडे दोन गावांत शिवेचा तंटा पडला की गोत बसायचं, आणि शिव चालून दाखवायला पुढे व्हायचा तो गावचा महार. त्याच्या साक्षीवर निवाडा व्हायचा. ज्याला देवळाच्या पायरीशी थांबवलं, त्याच्याच शब्दावर गावाच्या हद्दीचा दगड उभा राहायचा! हे महजर आणि निवाडे मोडीत लिहिलेले आहेत. आणि आपल्या स्मरणिकेत त्याचं नाव? मानकऱ्यांची यादी असते, देणगीदारांची असते. शिव ज्यानं राखली त्याची ओळसुद्धा नसते. रामोशी, कोळी, धनगर, गुरव, न्हावी, सगळ्यांची तीच गत. गाव म्हणजे चार आडनावं नव्हेत, हे स्मरणिका काढणाऱ्यांना एकदा कोणीतरी ठणकावून सांगायला हवं, म्हणून सांगते.

कागद नाहीत हे तर साफ खोटं. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल मांडून ठेवलेले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ तर १९१० पासून, राजवाड्यांच्या वेळेपासून, घरोघरची दप्तरं गोळा करत आलंय. आणि आपल्याच भोर तालुक्यातलं कारी घ्या. कारीच्या जेध्यांच्या दप्तरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तोवर महाराजांचा जन्म १६२७ चा धरत. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज सरकारी सुट्टी ज्या तारखेला असते, ती तारीख आमच्या एका गावातल्या, एका घरातल्या कागदानं दिली! त्या घरानं तो रुमाल चुलीत घातला असता तर? किंवा 'कशाला घरातलं बाहेर दाखवायचं' म्हणून फडताळातच ठेवला असता तर?

ज्यांना वाटतं मी गडांच्या आणि महाराजांच्या विरुद्ध बोलतेय, त्यांनी या कारीच्या गोष्टीवर जरा विचार करावा. महाराजांना आपण ओळखतो ते घोषणांनी नाही, गावातल्या घरांनी जपलेल्या कागदांनी. आणि कागद वाचायला लागलं की वादही येतात. दादाजी नरसप्रभू देशपांड्यांना लिहिलेलं १६४५ चं रायरेश्वराचं पत्र आपण सगळे पाठ म्हणतो, पण त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. हे मुलांना सांगितलं म्हणून रायरेश्वर काही खचत नाही. उलट पुरावा म्हणजे काय ते त्यांना कळतं.

जुनी घराणी नसली तरी प्रत्येक गावात दोन वह्या होत्याच. एक कोतवाल बुक, जन्ममृत्यूच्या नोंदींचं. दुसरी शाळेचं जनरल रजिस्टर. हेच आपलं पॅरिश रजिस्टर! मी ज्या शाळांत नोकरी केली त्यातल्या एकीचं जुनं रजिस्टर मी रिकाम्या तासाला वाचत बसे. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात पानंच्या पानं 'मुंबईस गेला', 'मुंबईस गेला'. कुठे 'गुरे राखतो'. मुलींच्या पुढे 'लग्न झाले', वय वर्षं अकरा. एका ठिकाणी एकाच तारखेला सात मुलं कमी, शेरा 'गाव उठले'. गिरणी, दुष्काळ, बालविवाह, धरण, सगळं त्या एका रकान्यात होतं. माझ्या बदलीनंतर काही वर्षांनी तिथे पांढरी फरशी बसवली, तेव्हा सफाईत ती जुनी रजिस्टरं रद्दीत गेली. किलोवर. त्याच शाळेच्या भिंतीवर हल्ली गडाचं मोठं रंगीत चित्र आहे.

आणि एक गंमत बघा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि एका रात्रीत सगळ्यांना कोतवाल बुकाची आठवण झाली. मोडी वाचणाऱ्याला घरी गाडी पाठवून नेऊ लागले. आरक्षणाच्या प्रश्नात मी शिरत नाही, तो माझा विषय नाही. पण तेव्हा एक गोष्ट सिद्ध झाली की कागद आहेत, ते सापडतात, आणि मनात आणलं तर गावातला माणूस ते शोधतो. दाखला मिळण्यासाठी आपण रुमाल सोडले, पणजोबाची जात कोणत्या रकान्यात आहे तेवढं बघितलं आणि रुमाल परत बांधून टाकले. त्याच पानावर पणजोबाच्या चार लेकरांच्या मृत्यूच्या नोंदी असतील तर त्यावरून नजर सरळ पुढे गेली.

याला एक खरीखुरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. 'कागद बाहेर काढले की भाऊबंद जागे होतात', असं मला अनेकांनी सांगितलं. जमिनीला सोन्याचा भाव आलाय, फार्महाऊसवाले दारात उभे आहेत, कोण कुठला जुना हक्क काढील सांगता येत नाही. भीती खरी आहे. पण भाऊबंदांना जागं व्हायला तुमच्या रुमालाची गरज लागत नाही हो! ते तलाठी कार्यालयात फेरफार बघून जागे होतातच. वाळवी मात्र रोज जागी असते. आणि शेतं विकली जाताहेत म्हणूनच तर घाई आहे. 'वडाचं खाचर', 'टेपावरचं', 'म्हसोबाची पट्टी' ही नावं सातबाऱ्यावर बहुतेक नसतात, तिथे बघतात तो गट नंबर. विकत घेणारा त्या जागेला काहीतरी 'व्हॅली' आणि 'हिल्स' म्हणतो. शेताचं जुनं नाव घेणारं शेवटचं माणूस गेलं की ते शेत गावाच्या इतिहासातून गेलं.

बायकांचं तर विचारूच नका. घराण्याच्या वंशावळीत आमच्या सासूबाई, आजेसासूबाई कुठेच नाहीत. सगळी झाडं पुरुषांचीच, जणू त्यांनी एकमेकांना जन्म दिला! पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, त्या लाखावर भरल्या. मावळ-मुळशीच्या बायकांनी त्यात माहेर, सासर, दुष्काळ, पंढरी, आंबेडकर असं सगळं सांगून ठेवलंय. जातं गेलं, गिरणी आली, ओव्या थांबल्या. ज्यांना आठवतात त्या आता माझ्या वयाच्या किंवा माझ्याहून मोठ्या आहेत.

देवळांचे जीर्णोद्धार बघून तर जीव कळवळतो. वीरगळ म्हणजे गावासाठी लढून मेलेल्या माणसाचा दगड. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, वरती चंद्रसूर्य. या दगडाला आपण चकचकीत ऑइल पेंट फासतो, नाहीतर फरशी घालताना उचलून ओढ्याकाठी टाकतो. आणि मग त्याच देवळात लाउडस्पीकर लावून इतिहासाचा अभिमान बाळगा म्हणून भाषण देतो!

तेव्हा माझ्या भाच्या-पुतण्यांनो, नातसुनांनो, आणि माझ्यासारखंच काहीबाही लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढची यात्रा यायच्या आत तीन कामं करा. माळ्यावरचा किंवा ट्रंकेतला रुमाल उघडा, पानापानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद होता तसा सुती कापडात बांधून ठेवा; पोथीसारखी हळदकुंकू वाहून पूजा करू नका. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन शिवेवरून चाला आणि शेतांची, ओढ्यांची, पाणवठ्यांची नावं लिहून घ्या. धरणात उठून दौंड-इंदापूरकडे गेलेले जे तुमचे सोयरे असतील त्यांना विचारा, घर कुठे होतं, शेजारी कोण होतं, देव कुठला बरोबर नेला. ही पंधरा दिवसांची कामं आहेत. गड हजार वर्षं टिकतील, त्यांना आता युनेस्कोही आहे. ज्या बाईला बुडालेल्या गावातल्या चाळीस घरांचा क्रम तोंडपाठ आहे, तिला युनेस्को नाही. तिला गुडघेदुखी आहे आणि तिला ऐकू कमी येतं. तिच्याशी जरा मोठ्यानं बोला.

पुढच्या स्मरणिकेत 'पांडवकालीन' हा शब्द दिसला तर मी लाल शाईनं गोल करून परत पाठवणार आहे, एवढं आयोजकांनी लक्षात ठेवावं.